झुंजीचं खाचर आणि धाकू भोईर

धाकू भोईर उंचीला चार फूट अकरा इंच होता. हे माप मी घेतलेलं नाही, सरकारनं घेतलंय. महायुद्धात कल्याणला पलटणीची भरती होती, तेव्हा दादूस उत्साहानं गेला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आला. (दादूस म्हणजे आमच्याकडे मोठा भाऊ. तो सख्खा नव्हता, पण गावात सगळे त्याला दादूसच म्हणत.) पारावर लोकांनी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "मापान नाय बसलो. पन बरा झाला. आमचे शेतानच लढाई हाय, भायेर कशाला जाऊ?"

हे शेत म्हणजे झुंजीचं खाचर. खडवली स्टेशनावर उतरून भातसा नदीच्या काठानं अर्धा तास चाललं की आमचा पाडा लागतो, आणि पाड्याच्या खालच्या अंगाला, नदीच्या उताराशी, हे भाताचं खाचर. दोन-सव्वादोन एकराचं असेल. त्यात पेशवाईत लढाई झाली. कुठल्या बखरीत ती नाही. असणार कशी? पुण्यात काका-पुतण्याची भाऊबंदकी पेटली होती, मोठमोठ्या लढाया लांब देशावर चालल्या होत्या, त्यात आमच्या उताराशी पन्नास घोडी इकडून आणि पन्नास तिकडून भिडली, त्याची नोंद कोण ठेवतो? आम्ही ठेवली.

झालं असं की काकाच्या बाजूची टोळी नदीच्या पल्याड आणि पुतण्याच्या बाजूची अल्याड. तीन दिवस नदीला पूर, कुणाला उतरता येईना. तीन दिवस एकमेकांना शिव्या देऊन झाल्या. दोन्हीकडे याच मुलखातली माणसं. शिव्या देतादेता ओळखी निघायला लागल्या. अरे तू अमक्याचा ना? तुझी म्हस व्याली का? चौथ्या दिवशी पाणी उतरलं आणि दाट धुक्यात कुणाचा तरी घोडा बुजून पाण्यात शिरला. झालं, सुरू. दोन्हीकडची पागोटी सारखी, आरोळी पण 'हर हर महादेव' हीच. कोण कुणाला मारतोय कळेना. धुकं निघालं तेव्हा एक्केचाळीस माणसं खाचरात पडलेली, आणि राहिलेले दोन्ही दिशांना पळालेले.

मालन नावाची बाई होती. दिलेली भोइरांच्यात, माहेर तऱ्यांचं, म्हणजे शेजारच्या वाडीतल्या तरे लोकांचं. तिचा नवरा अल्याडच्या टोळीत, भाऊ पल्याडच्या. दोघंही गेले. श्रावणातलं ओलं लाकूड, एक्केचाळीस चिता रचणार कुठून? मालननं सासरची माणसं एका अंगानं बोलावली, माहेरची दुसऱ्या अंगानं, आणि सगळ्यांना तिथंच मूठमाती दिली. तोंडं चिखलानं भरलेली. कुणाचा कोण ओळखायचा प्रयत्नच तिनं करू दिला नाही.

आणि मग तिनं कायदा घालून दिला. ही माणसं एकदा लोखंडानं मेलीत, त्यांना पुन्हा लोखंड लागू द्यायचं नाही. त्या खाचरात नांगर घालायचा नाही, कुदळ नाही, विळा नाही. आषाढात भोइरांनी उगवतीकडून आणि तऱ्यांनी मावळतीकडून आत शिरायचं आणि पायांनी तुडवून चिखल करायचा. लावणी हातानं. पीक कापायचं नाही, उपटायचं. बियाणं लाल राता आणि पांढरा कोळंबा एकत्र मिसळलेलं, मेलेली माणसं मिसळली तसं.

एकोणपन्नास साली ठाण्याहून एक इतिहासाचे मास्तर हे खाचर बघायला आले होते. गळ्यात पिशवी, हातात वही. त्यांनी दादूसला विचारलं की लढाईची तारीख काय. दादूस म्हणाला, तारीख ठाऊक नाही, पण बुधवार होता. मास्तरांनी विचारलं, बुधवार कशावरून? तर म्हणे, मालननं आदल्या दिवशी कल्याणच्या बाजारातून सुकट आणली होती, आणि कल्याणचा बाजार मंगळवारचा. मास्तर म्हणाले, पेशवाईत बाजार मंगळवारीच भरत होता कशावरून? दादूस म्हणाला, मालननं सुकट आणली त्यावरून. मास्तरांनी वही मिटली. मग गोदावहिनीनं, म्हणजे दादूसच्या बायकोनं, त्यांना तांदळाची भाकरी आणि जवळा वाढला, तेव्हा त्यांनी वही पुन्हा उघडली आणि मुकाट्यानं 'बुधवार' लिहिलं. मी शेजारीच बसलो होतो.

तर असा आमचा दादूस. त्या खाचराबद्दल कुणी विचारलं की छाती पुढं, आवाज वर. आणि ह्याच अभिमानानं त्याला खड्ड्यात घातलं.

खाचर वहिवाटीनं भोइरांचं, पण मालकी ठाण्याला राहणाऱ्या एका शेटची. दादूस त्यांचं कूळ. सत्तावन्न सालच्या एक एप्रिलला सरकारनं जाहीर केलं की कसेल त्याची जमीन. जो कसतो तो मालक. गावात गूळ वाटला गेला. मी तेव्हा सातवी पास होऊन गावातला अर्ज लिहिणारा झालो होतो, त्यामुळं अर्ध्या पाड्याचे अर्ज माझ्याच अक्षरात. दादूसच्या वरच्या शेतांबद्दल कुणी काही बोललं नाही. पण झुंजीच्या खाचरावर शेटचे कारभारी दौलतराव यांनी हरकत घेतली. हे खाचर कुणी कसतच नाही म्हणाले, ही पडीक जमीन आहे. खरं कारण निराळं होतं. खाचरातली माती चिकण, तांबूस, नदीकाठची. तिथं वीटभट्टी घालायचं शेटनं ठरवलं होतं. एक्केचाळीस माणसं ज्या मातीत झोपलीत, त्या मातीच्या विटा पाडून कल्याण-डोंबिवलीत चाळी उठणार होत्या.

ज्येष्ठात कल्याणच्या कचेरीत पहिली सुनावणी. दादूसनं धुतलेलं धोतर नेसलं, डोक्यावर नवी टोपी. मी कागद घेऊन बरोबर. जमिनीच्या कोर्टाचे साहेब मध्यम वयाचे, नगरकडचे, गुडघेदुखीनं हैराण, सारखे पाय चोळत. दौलतरावांनी एकच प्रश्न विचारला. धाकू भोईर, या खाचरात तुम्ही गेल्या दहा वर्षांत किती वेळा नांगर घातला?

मी दादूसचा सदरा मागून ओढला. त्याला कळलं नाही. त्याची छाती पुढं आलेली.

"धा वर्सा?" दादूस म्हणाला. "साहेब, सात पिढ्यांत त्या खाचरान नांगर गेला नाय. कुनी घातला असंल तर दाखवा. मी मिशी उतरवीन."

दौलतराव खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं. साहेबांनी लिहून घेतलं आणि मान वर करून दादूसकडं असं बघितलं, जसं आपण विहिरीच्या काठावर नाचणाऱ्याकडं बघतो. तरी माणूस बरा. म्हणाले, कार्तिकात पीक उभं असताना मी स्वतः येऊन जागा बघेन. तिथं पीक दिसलं तर बोलू, गवत दिसलं तर जमीन मालकाची.

परतताना दादूस खुशीत. काय जवाब दिला, म्हणाला. मी त्याला स्टेशनच्या बाकावर बसवून समजावलं की दादूस, तू आत्ता शत्रूच्या बाजूनं साक्ष दिलीस. घरी गेल्यावर गोदावहिनीनं जे सुनावलं, ते छापण्यासारखं नाही. त्यातलं एवढंच सांगतो, की तुमची मिशी राहिली पण शेत गेलं, आता मिशीत भात लावा, असं ती म्हणाली.

पण नांगरापेक्षा मोठी अडचण दुसरी होती, आणि ती साहेबांना अजून ठाऊक नव्हती. खाचराचा मावळतीकडचा अर्धा भाग दोन वर्षं खरंच गवताखाली होता.

त्याचं असं झालं. तऱ्यांच्या घरातला कर्ता पंढरी तरे. दादूसपेक्षा दीड वीत उंच, बोलायला कमी, रुसायला पुढं. उपटणीच्या दिवशी दोन्ही घरं दोन बाजूंनी उपटत येतात आणि मधोमध भेटतात. चोपन्न साली दादूसची माणसं जोशात मधली रेघ ओलांडून तीन ओळी पुढं गेली. पंढरीनं हातातला भात खाली टाकला आणि निघून गेला. आता गंमत बघा, त्या भातातला दाणासुद्धा तरे नेत नाहीत. मालनचं माहेर ना ते, लेकीच्या घरचं धान्य नेणार कसे? राबायचं, एका पंगतीला जेवायचं आणि हात धुऊन घरी जायचं. म्हणजे ज्या तीन ओळींसाठी हा रुसला, त्यातलं पसाभर भातसुद्धा त्याला मिळणार नव्हतं. पण मान ती मान. पंचावन्नला तरे आले नाहीत, छप्पन्नला आले नाहीत. दादूसनं आपला अर्धा भाग लावला आणि दुसऱ्या अर्ध्याला हात लावला नाही. तिथं गुडघाभर गवत वाढलं.

गोदावहिनी म्हणाली, या वर्षी सगळं आपणच लावू, साहेबाला काय कळतंय? दादूस नाही म्हणाला. तऱ्यांची बाजू तऱ्यांनीच तुडवायची. शेत गेलं तरी चालेल, पण खोटं लावलेलं शेत मला नको.

मग गावात बातमी आली, की दौलतरावांनी पंढरीला भट्टीवर मुकादम करायचं कबूल केलंय. या वर्षीही खाचराकडं फिरकू नकोस, एवढंच त्यांचं मागणं.

दादूस दुसऱ्या दिवशी दुपारी तऱ्यांच्या वाडीत गेला. मला बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. पंढरी ओटीवर जाळं विणत बसलेला. बसा म्हणाला नाही. दादूस उभ्यानंच बोलला. शेताचं बोलला नाही, कोर्टाचं नाही, भट्टीचं नाही.

"पंढरी, तीन ओळी आमचे चुकल्या. या साली माझे अंगाच्या तीन ओळी तू घे."

पंढरीनं जाळ्यातून मान वर काढली नाही. "तीन नाय. चार होत्या."

मला तोंड उघडायचं होतं. तीनच होत्या, मी स्वतः तिथं होतो. दादूसनं माझ्या पायावर पाय दिला.

"चार तर चार," दादूस म्हणाला.

"आन तुजे माणसांनी हसाचा नाय."

"नाय हसणार."

"तू लय हसतंस."

"मी तोंड बांधून येतू," दादूस म्हणाला.

पंढरी येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. विणत राहिला. आम्ही आलो तसे परतलो.

आषाढात दिवस ठरला. भोइरांकडची चौदा माणसं उगवतीकडून खाचरात उतरली. दादूसनं खरोखरच तोंडाला पंचा बांधला होता. पाणी गुडघ्यापर्यंत. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीनं तुडवत जायचं, पुढं-मागं, पुढं-मागं, बायका गाणी म्हणतात. त्या दिवशी कुणी गाणं म्हणेना. सगळ्यांचे डोळे पलीकडच्या बांधावर. मावळतीकडं गवत वाऱ्यावर डुलत होतं. ऊन डोक्यावर आलं. गोदावहिनीनं भाकऱ्या आणल्या, कुणी खाल्ल्या नाहीत. दादूस एकटाच तुडवत राहिला, मधल्या रेघेकडं जायचा आणि चार ओळींची जागा सोडून अलीकडंच वळायचा. बरोबर चार ओळी. मी मोजल्या.

आणि मग पलीकडच्या बांधावर आधी पागोटं दिसलं, मग पंढरी, मग त्याच्या मागं रांग. सव्वीस माणसं! तऱ्यांचं एक घर नव्हे, अख्खी वाडी घेऊन आला होता. पंढरीनं धोतर वर खोचलं आणि बांधावरून एकदम चिखलात उडी घेतली. सव्वीस जणांनी गवत उपटून फेकायला सुरुवात केली, दोन वर्षांच्या गवताचा दोन घटकांत ढीग लागला बांधावर. तुडवायला लागले तर आमच्याकडचं पाणीसुद्धा हलायला लागलं. आमच्या बायकांनी गाणं धरलं, तिकडच्या बायकांनी त्याला उत्तर दिलं, अर्थात टोमण्याचं. मधल्या रेघेपासून चार ओळी आत पंढरी दादूसच्या समोर येऊन उभा राहिला. दोघंही चिखलानं माखलेले, एक लांब, एक आखूड.

"तोंड सोड," पंढरी म्हणाला. "माकडासारखा दिसतंस."

दादूसनं पंचा सोडला. तो हसला नाही. त्याला हसताच येत नव्हतं तेव्हा. नाक पुसत होता.

पुढचं सांगायला मला फार आवडतं, म्हणून सावकाश सांगतो. कार्तिकात साहेब आले. खडवलीहून बैलगाडीतून, गुडघ्यावर उशी ठेवून. दौलतराव पुढं, कागदांची पिशवी घेऊन. उपटणीचाच दिवस धरला होता. खाचर काठोकाठ भरलेलं, राता लालसर, कोळंबा पिवळाधमक, दोन्ही लोंब्या एकमेकांत अडकलेल्या.

साहेब बांधावरून पाऊल टाकणार तेवढ्यात गोदावहिनी आडवी आली. तिनं शांतपणे सांगितलं, की साहेब, जोडे काढा, तुमच्या जोड्यांना खाली खिळे आहेत. दौलतराव ओरडले की कुणाशी बोलतेस. साहेबांनी विचारलं, खिळ्यांचं काय? तिनं सगळी हकीकत सांगितली, मालनची, लोखंडाची. साहेबांनी ऐकलं. मग बांधावर बसून एका हातानं गुडघा धरत दुसऱ्या हातानं जोडे काढले, आणि दौलतरावांना म्हणाले, तुम्ही पण काढा.

दौलतराव अनवाणी उभे राहून सांगायला लागले, की बघा, दोन जातींचं भात मिसळून उगवलंय, शेतकरी असं लावतो का? हे सांडलेल्या दाण्यांचं आपोआप उगवलेलं रान आहे. साहेब खाली वाकले. भाताच्या रोपांची चूड बाजूला करून बघितली. मग ओळीच्या बाजूनं डोळा लावून बघितलं, बंदुकीचा नेम धरतात तसं.

"दौलतराव," ते म्हणाले, "आपोआप उगवलेलं रान ओळीत उभं राहतं, हे मी पहिल्यांदाच बघतोय."

लोक हसले. पण दौलतराव कच्चे नव्हते. ते म्हणाले, ठीक, लावलंय. पण अर्धं लावलंय पंढरी तऱ्यानं. मग अर्ध्याचा कसणारा धाकू कसा? आणि पंढरीकडं वळून हळूच म्हणाले, की सांग साहेबांना, तुझी बाजू तू कसतोस ना? अर्धं तुझं होईल. त्यांचा हिशेब हा, की पंढरीकडून तेवढी तरी माती भट्टीला मिळेल.

सगळं थांबलं. दादूसचा चेहरा उतरला. आता सगळं एका वाक्यावर होतं. पंढरी 'हो, मी कसतो' एवढंच म्हणाला असता, तर एक एकर त्याचं. आणि ते खोटंही नव्हतं.

साहेबांनी पंढरीला विचारलं, तुम्ही मावळतीची बाजू कसता का?

"कसतो," पंढरी म्हणाला.

दौलतरावांनी पेन उघडलं.

"मी कसतो, माजे बापानं कसलं, आज्यानं कसलं," पंढरी म्हणाला. "पन कूळ धाकू. या घरान आमची पोर दिलेली हाय, साहेब. लेकीचे शेतान बाप राबतो. वाटा नाय मागत."

साहेबांनी विचारलं, पोर कधी दिलेली? पंढरी म्हणाला, पेशवाईत. साहेबांनी कारकुनाकडून कायद्याचं पुस्तक मागितलं आणि तिथंच, चिखलात अनवाणी उभं राहून, आम्हाला वाचून दाखवलं. कसणं म्हणजे माणसाच्या मेहनतीनं, जनावरांच्या किंवा यंत्राच्या साह्यानं पीक काढणं. नांगर पाहिजेच असं कुठंही लिहिलेलं नाही. दादूसकडं बघून म्हणाले, तुमच्या पायांनी हे शेत कसलंय. आणि सोयऱ्यांच्या पायांनी कसलं, ते तुमच्याच वतीनं.

फाल्गुनात कचेरीतून निकाल मिळाला. झुंजीचं खाचर धाकू भोइराच्या नावे. मीच तो कचेरीच्या पायरीवर मोठ्यानं वाचला, तीन वेळा, कारण दादूस दर वेळी म्हणे, नाव पुन्हा वाच. पंढरीही आला होता, उगाच, दाढी करायला कल्याणला आलोय म्हणत होता.

खडवलीला उतरलो तर स्टेशनाबाहेर सगळा पाडा आणि सगळी वाडी, ढोल घेऊन. बातमी आधीच कशी पोचली कुणास ठाऊक. तरुण पोरं दादूसला खांद्यावर घ्यायला धावली. दादूसनं हात झटकले. तो म्हणाला, मला नका, त्याला घ्या, केस माहेरनं जिंकली. पंढरी मागं सरकला, स्टेशनच्या भिंतीला टेकला, पण सुटका कसली? चौघांनी उचलला. एवढा लांब माणूस, पाय खाली लोंबकळतायत, पागोटं सुटतंय, ढोल वाजतोय. दादूस पुढं नाचत, मधेच मागं वळून ओरडत, "नीट धरा रे, आमचा पावना हाय!"

नदीच्या काठापर्यंत असेच गेलो. एका पोराचा पाय घसरला आणि पंढरी एका अंगाला कलला, तेव्हा वरूनच त्यानं दादूसला बजावलं, की मला खाली आपटलंत, तर पुढच्या आषाढात तुडवायला येणार नाही.

दादूस तेवढ्यात खांदा द्यायला धावला. पण चार फूट अकरा इंचाचा खांदा पंढरीच्या घोट्यापर्यंतच पोचत होता. त्यानं तो घोटाच दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि थेट झुंजीच्या खाचराच्या बांधापर्यंत सोडला नाही.